नवऱ्याच्या फोनवरचा ओटीपी

कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कसं लॉगिन करायचं, हे ठरवणं माझं काम. आमच्या नारायण पेठेतल्या ऑफिसात नुसता पासवर्ड पुरेना, म्हणून मी मोबाइलवर येणारा ओटीपी सुरू केला. हिशेब विभागातल्या एका बाईंनी गॅसला, बँकेला देतात तसा इथेही नवऱ्याचाच नंबर दिला होता. त्यामुळे रोज दहा वाजता सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा फोन चाले. "अहो, आला का? सांगा. चार, सात... भाजी ओट्यावर झाकून ठेवलीये, दिसली ना?"

माझं डोकं फिरायचं. गुप्त ठेवायचा आकडा मंडईतल्या भावासारखा पुकारला जात होता. शेवटी मी तो नंबर काढला आणि त्यांच्याच मोबाइलवर अंगठा लावून लॉगिन होईल असं करून दिलं. "बघा, आता कोणावाचून अडायला नको," मी ऐटीत म्हणालो.

आठवड्याभराने त्या माझ्या टेबलाशी आल्या. "सर, पहिल्यासारखं करता येईल का? हे रात्रपाळीला असतात. मी निघाल्यावर घरी येतात, मी पोचायच्या आत जातात."

"मग फोन करा की. त्याला ओटीपी कशाला हवा?"

"नुसतं बोलायला झोपेतून कसं उठवू?"

जुना नंबर परत टाकायला मला दोन मिनिटं पुरली असती. मी नियमावर बोट ठेवलं.

आता दहा वाजता त्या मुकाट्याने अंगठा लावतात, आणि मी ओट्यावरच्या भाजीचा विचार करत बसतो.