पाहुण्याची वाट

नागेश साळवी झोपेतसुद्धा बोलतो, असं त्याच्या खोलीवरचे लोक शपथेवर सांगतात. संगमेश्वराकडचा गडी, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका किराणा गोदामात स्टोअरकीपर. काम चोख, पण जिभेला सुट्टी नाही. ऐकायला कोणी नसलं तर काजूच्या गोणीशी गप्पा मारील! आणि असल्या माणसानं शिरावं कुठं, तर उंदीर पकडणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात.

ग्रुपचं नाव ‘पाहुणचार’. उंदराचं नाव घेऊन पिंजऱ्याची गोष्ट काढली की त्याला कळतं आणि तो फिरकत नाही, हे आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. म्हणून सगळे त्याला पाहुणाच म्हणत. ग्रुपात दोन पट्टीच्या शिकारी होत्या. मिरजेच्या सत्यभामाकाकू, घरचं धान्याचं दुकान. आणि शारजात राहणाऱ्या हमीदा आपा, मूळच्या दापोलीच्या.

नागेशच्या गोदामात सुक्या मेव्याच्या खोलीत असाच एक पाहुणा आला होता. रोज बदामाची पिशवी फाटायची आणि मॅनेजर नागेशला फाडून खायचा. नागेशनं ग्रुपात लांबलचक व्हॉइस मेसेज टाकला.

“बाबा रे,” आपांचं उत्तर आलं, “तू एवढं बोलतोस, पाहुणा बिळात बसून ऐकत असेल. शिकाऱ्यानं आधी गप्प बसायचं.”

काकू म्हणाल्या, “जमिनीवर पीठ भुरभुरव. पावलं सांगतील कुठून येतो ते. आणि घाबरलेला पाहुणा मोकळ्यातून नाही पळत, भिंतीच्या कडेनं पळतो. त्याची वाट सापडली की तो सापडला.”

शुक्रवारी दुपारी गोदाम बंद झालं. आता सोमवारीच उघडायचं. खोलीवरच्यांना आणि वॉचमनलाही नागेशनं सांगून ठेवलं होतं, की मी दोन दिवस रास अल खैमाला दोस्ताकडं. त्यानं मेन स्विच पाडला आणि जाता जाता पाहुण्याची वाट कळावी म्हणून पिठाची पुडी घेऊन मोबाईलच्या उजेडात मेव्याच्या खोलीत शिरला. मागं दार धप्पकन लागलं. त्यानं आतली मूठ ओढली, तर मूठच हातात आली.

खोली थंड राहावी म्हणून भिंती जाडजूड. मोबाईलला सिग्नल नाही, एसी बंद, अंधार मिट्ट. बाहेर दुबईचा ऑगस्ट. नागेश ओरडला, दारावर लाथा घातल्या, पुन्हा ओरडला. जन्मभर ज्या जिभेवर त्याचा संसार चालला, ती त्या खोलीत फुकट गेली. घसा सुकला, सदरा अंगाला चिकटला. गावी प्रज्ञा संध्याकाळी व्हिडिओ कॉलची वाट बघेल, आणि नवरा दोस्ताकडं रमला म्हणून रुसून बसेल. सोमवारी दार उघडणाऱ्याला आधी वासच येईल की काय, असं मनात आलं, तेव्हा नागेश मटकन खाली बसला. आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून गप्प झाला.

बऱ्याच वेळानं कुरतडण्याचा आवाज आला. पाहुणा!

‘अरे, मी दारानं आलो. हा कुठून आला?’ नागेशच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यानं हळूच पुडी सोडली, पीठ भिंतीच्या कडेकडेनं भुरभुरवलं आणि दम धरून बसला. बोलायची इतकी उबळ येत होती, की ओठ दातांत धरले. मग एकदम टाळी वाजवली. तुरुतुरु पावलं पळाली. मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात पिठावर नाजूक नक्षी उमटली होती, थेट अंजिराच्या पेट्यांमागं.

पेट्या ओढता ओढता हातांची सालं गेली. मागं कुठल्याशा जुन्या पाइपाचं भोक होतं. मनगट जाणार नाही एवढं, पण त्यातून ऊन आत येत होतं. नागेशनं तोंड लावून हवा अशी प्यायली, जशी ताक पितात. मग कोपऱ्यातल्या झाडूची काठी भोकातून बाहेर काढून हलवली.

बाहेर वॉचमन सुजीत, बिहारचा, सावलीत बसला होता. भिंतीतून काठी निघालेली बघून त्यानं हातातला दंडुका हाणला.

“सुजीतभाई! मैं नागेश!”

“झूठ! नागेशभाई रास अल खैमा गए.”

“अरे मैं ही नागेश! अंदर फसला है!”

“नागेशभाई हो तो इतना कम कैसे बोल रहे हो?”

त्या घामात, त्या भीतीत, नागेशला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. बाहेरच्या दाराची चावी त्याच्याच खिशात होती. जुडगा भोकातून जाईना, म्हणून एकटी चावी सोडवून सुतळीनं काठीला बांधली आणि बाहेर सरकवली. थोड्या वेळानं मेव्याच्या खोलीचं दार उघडलं. नागेश पाऊल टाकतो तोच त्याच्या दोन्ही पायांमधून पाहुणा आधी बाहेर पडला. सुजीत किंचाळला.

खोलीवर जाऊन, घागरभर पाणी पिऊन, प्रज्ञाशी बोलून नागेशनं ग्रुपात सगळी हकीकत सांगितली.

“म्हणजे हातचा सोडलास?” काकू कडाडल्या. “ते भोक तरी बुजव!”

“बुजवणार काकू. सोमवारी जाळी, सिमेंट, खलास. पण आधी दाराला नवी मूठ.”

“आणि पाहुणा परत आला तर?” आपांनी विचारलं.

नेहमी लगेच उत्तर देणाऱ्या नागेशनं ‘पाहुण्यानंच तर वाट दाखवली’ एवढं टाइप केलं आणि पुसून टाकलं. आपांनी पुन्हा लिहिलं, “अरे नागेश, बोल की रे!”