ल्युबिंकाबाईंनी डब्यांना टोप्या घातल्या

चाचाक शहरातल्या आमच्या पाच मजली इमारतीत कुणालाही विचारा, ल्युबिंकाबाईंचं उभं आयुष्य खिडक्या लावण्यात गेलं. बसमधली असो की दवाखान्यातली, उघडी खिडकी दिसली की बाई उठल्याच. आरपार वाहणारं वारं माणसाला घेऊन जातं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. बाईंची मात्र त्यावर निष्ठा. त्यांचे यजमान आलुबुखाराच्या झाडावरून पडून वारले. "पडले ते ठीक," बाई सांगतात, "पण वर वारं किती होतं."

मागच्या हिवाळ्यात इमारत इतकी गारठली, की बाईंच्या घरच्या संताच्या सणाला त्यांची नणंद कोसाना क्राल्येवोहून आली ती ओव्हरकोट घालूनच जेवली, आणि परत जाऊन गावभर सांगत सुटली. यंदा तो कोट उतरवायचाच, असा बाईंनी पण केला.

म्हणून टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या शेजारच्या त्रिफुनने सेन्सर आणले, तेव्हा बाई भलत्याच खूश झाल्या. जिन्यात प्रत्येक मजल्यावर एक पांढरी डबी. मध्ये तार नाही. पाचवी चौथीच्या कानात सांगणार, चौथी तिसरीच्या, असा निरोप तळघरातल्या बॉयलरपर्यंत. डब्या गारठल्या की बॉयलर भडकणार, ऊब आली की मंदावणार.

पण त्रिफुनने डब्या टांगल्या थेट दारांसमोर, भर वाऱ्यात. बाईंनी पाच लोकरी टोप्या विणल्या, डब्यांना घातल्या आणि सगळ्यांना जिन्यातल्या गरम रेडिएटरांवर नेऊन बसवलं.

डब्यांनी खाली कळवलं, आम्ही मजेत. बॉयलर मंदावला. इमारत काकडली. बाईंनी डब्यांना मफलर चढवले.

सणाच्या आदल्या दिवशी त्रिफुनला हा थाट दिसला.

"ल्युबिंकाबाई, ही बाळंतिणीची खोली आहे का?"

"वाऱ्यात टांगतोस आणि वर मलाच विचारतोस?"

"अहो, डबीला थंडी वाजली तरच आपल्याला ऊब मिळते."

"मग तिला जास्त वाजली तर?"

"तसं करायचं नसतं," त्रिफुन म्हणाला. हे त्याने बोलायला नको होतं.

त्याची पाठ वळताच बाईंनी डब्या उचलल्या आणि जिन्यातल्या दुहेरी खिडक्यांच्या दोन तावदानांमध्ये ठेवल्या, जिथे हिवाळ्यात आम्ही उरलंसुरलं अन्न ठेवतो. टोप्या काढताना त्यांचा जीव तुटला. "सोसा गं," त्या म्हणाल्या, "नणंद येतेय."

दुसऱ्या दिवशी रेडिएटरना हात लावायची सोय नव्हती. उपासाचा सण, आमच्या उपासाला मांस चालत नाही, म्हणून मासे आणि दारू. माशांच्या पहिल्या तुकड्यालाच कोसानाने कोट काढला. मग स्वेटर. मग ती नॅपकिनने मान पुसू लागली. बाईंनी तिला तिसऱ्यांदा वाढलं.

"जरा खिडकी उघडू?" जेवायला आलेल्या त्रिफुनने विचारलं.

सगळ्यांचे काटे-चमचे थांबले. "घामावर वारं?" कोसाना म्हणाली. "मारतोस का मला?"

संध्याकाळी ती निघायला उठली, तर बाईंनी दार अडवलं. "असं ओलं अंग घेऊन बाहेर? वाळेपर्यंत बस."

बॉयलर धडाडत होता, वाळणार कसं? कोसाना मुक्कामाला राहिली. दुसऱ्या दिवशीही घाम, दुसऱ्या दिवशीही मुक्काम. "वहिनी, तुझी कॉफी पांचट आहे," इथपासून सुरुवात झाली, ती पडदे, सून आणि यजमानांच्या फोटोची चौकट यांवर घसरली.

त्या दुपारी बाईंनी त्रिफुनचं दार वाजवलं.

"त्या बिचाऱ्या डब्या," त्या म्हणाल्या, "टांग बाबा परत दारासमोर. आणि नणंद वाळायला किती वेळ लागतो, तेवढं सांग."