अबू हैसमचा कप

आमच्या साहेबांनी कधी कॉफीला नको म्हटलं, असं अम्मानमध्ये कोणी शपथेवर सांगितलं तर त्याच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरावा. फव्वाज त्यांचं नाव, पण थोरल्या मुलावरून सगळे अबू हैसमच म्हणायचे. मूळचे रमथाचे, म्हणजे अगदी सीमेच्या नाक्यावरचे. सुटलेलं पोट, राखलेली मिशी, आणि गाडीच्या मागच्या सीटवर कायम एक थर्मास आणि बिनकानाच्या चिमुकल्या कपांची चळत. कडू कॉफी, साखरेचा दाणा नाही. तो कप रिकामा झाला की बोटांत धरून जरा हलवायचा. मग ओतणारा समजतो की पुरे. न हलवता पुढे केला तर तो पुन्हा ओततो. शहाणी माणसं पहिल्या-दुसऱ्या कपाला हलवतात. अबू हैसमनी तिसऱ्याच्या आत कप हलवलेला मी कधी पाहिला नाही, आणि मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं घालवली आहेत.

त्यांच्या हुद्द्याचं नाव कागदावर दोन ओळी खायचं. साध्या भाषेत सांगायचं तर, एका देशानं तपासलेला टोमॅटो दुसऱ्या देशानं पुन्हा तपासू नये म्हणून पाच देशांना एका टेबलाभोवती बसवायचं, एवढंच काम. एवढंच म्हणते खरी, पण घरात दोन जावांचं एका मिठाच्या डब्यावर एकमत होत नाही, इथे तर पाच सरकारं होती. एका बैठकीत दोन दिवस भांडण झालं की दाखल्यावरचा शिक्का गोल असावा की लांबट. शेवटी उपसमिती नेमली. उपसमितीनं कॉफी प्यायली आणि पुढची तारीख दिली. इतिवृत्त लिहायचं काम माझं. मी सगळं गंभीरपणे लिहायची आणि घरी जाऊन नवऱ्यावर ओरडायची.

खरा घोळ टोमॅटोचा होता. घोरच्या सखल शेतांतला माल आमची प्रयोगशाळा तपासायची, औषधफवारणीचा अंश मर्यादेत आहे असा दाखला द्यायची, आणि ट्रक नाक्यावर जायचा. पलीकडे सगळा माल उतरवून पुन्हा नमुने घ्यायचे. त्यांचा निकाल यायचा तेव्हा यायचा. तोवर टोमॅटो उन्हात काय करणार? अबू हैसमचा धाकटा भाऊ सत्ताम असाच एक ट्रक चालवायचा. नाक्याजवळच्या ओढ्यात त्यानं कितीदा अख्खा ट्रक रिकामा केला असेल. त्याचा विषय निघाला की अबू हैसम गप्प बसायचे, आणि ते गप्प बसले की आम्हाला भीती वाटायची.

पलीकडच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर मुन्सिफ. दरआचे. आता रमथा आणि दरआ म्हणजे एका घराच्या दोन खोल्या, मधली भिंत तेवढी सरकारनं घातलेली. पण हे गृहस्थ भिंतीच्या बाजूचे होते. काटकुळे, इस्त्रीचे, हसू काटकसरीनं वापरणारे. त्यांचं म्हणणं दर बैठकीला तेच. "तुमचा दाखला म्हणजे मुलीच्या आईनं केलेलं मुलीचं कौतुक. ऐकून घेतो. पण चौकशी माझी मी करणार." आमची एक केमिस्ट तुमच्या प्रयोगशाळेत बसू द्या, मग बघू, असंही ते म्हणायचे. त्यावर अम्मानहून आमचे संचालक उसळायचे. "परक्याचं माणूस आपल्या उंबऱ्याच्या आत? आम्हाला शिकवणार ते?" मग अबू हैसम दोन्हीकडे जाऊन कॉफी प्यायचे. दोन्हीकडे त्यांच्यावर फार प्रेम होतं. काम मात्र कुठेच होत नव्हतं.

त्या वर्षी पैसा पुरवणाऱ्या परदेशी संस्थेच्या बिर्गित मॅडमनी स्वच्छ सांगून टाकलं. या बैठकीत पाच सह्या झाल्या तर ठीक, नाहीतर दुकान बंद. बैठक डॉक्टर मुन्सिफ यांच्या गावाला, त्यांच्या यजमानपदाखाली होती. निघण्याआधीच्या शुक्रवारी अबू हैसमनी मला आणि माझ्या नवऱ्याला जेवायला बोलावलं. उम्म हैसमनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मकमूरा केला होता. कांदा-कोंबडीचे थर भरलेली ती परात पाहून माणूस भांडण विसरतो. अबू हैसम मात्र घासागणिक उसासे टाकत होते.

"सगळं करून पाहिलं," ते म्हणाले. "सगळ्यांच्या दाराशी गेलो. कोणी मला कधी हाकललं नाही."

"हाकलतील कशाला?" उम्म हैसम म्हणाल्या. "तुम्ही बसता, आधी पिता आणि मग मागता. प्यायलेल्या पाहुण्याला कोण काय देतं? माझ्या वडिलांनी तरी मला तुम्हाला कशी दिली, कळत नाही."

"तेव्हा काका शेजारी बसले होते," अबू हैसम म्हणाले. "त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं."

"मग यंदा स्वतःचं मनगट स्वतः धरा," असं म्हणून त्यांनी त्यांच्या ताटात कोंबडीची तंगडी वाढली.

आम्ही हसलो. अबू हैसम हसले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बैठकीच्या दिवशी सकाळी संचालकांचा फोन आला. त्यांचा आवाज फोनमधून टेबलाच्या या बाजूलाही ऐकू यायचा. "ती केमिस्ट बसवण्याची अट मान्य केलीत ना, तर घरी बसाल. समजलं?" अबू हैसम "समजलं साहेब" म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

डॉक्टर मुन्सिफनी हॉटेलवाल्यांचं मशीन बाजूला सारून आपल्या गावातलाच कॉफीवाला आणला होता. अबू शिहाब म्हणून वयस्कर माणूस, डाव्या हातात लांब चोचीची किटली, उजव्यात कप. त्यानं रीतीप्रमाणे पहिला कप अबू हैसमसमोर धरला. अबू हैसमनी तो घेतला, आणि टेबलावर ठेवला.

टेबलावर! लेबनॉनचा प्रतिनिधी वाक्य अर्धं टाकून थांबला. इराकच्या गृहस्थांनी ओठाशी नेलेला आपला कप हळूच खाली ठेवला. अबू शिहाब किटली धरून जागीच थिजला. डॉक्टर मुन्सिफ यांच्या कानशिलाला लाली चढत गेली.

"काय झालं?" बिर्गित मॅडमनी मला विचारलं. "कॉफी बरी नाही का?"

"कॉफी उत्तम आहे," मी त्यांच्या कानात म्हणाले. "ते मागणं घेऊन आलेत. मुलीला मागणी घालताना असं करतात. यजमान 'दिली' म्हणत नाही तोवर मागणारा कप तोंडाला लावत नाही. आणि पाहुणा न पिता उठून गेला तर यजमानाला गावात तोंड दाखवता येत नाही."

"पण हे तर टोमॅटो आहेत."

"म्हणूनच इतकी पंचाईत झाली आहे," मी म्हणाले.

"अबू हैसम," डॉक्टर मुन्सिफ शेवटी म्हणाले, "कॉफी थंड होतेय."

"होऊ द्या, डॉक्टर. मागणं आहे."

"ही सरकारी बैठक आहे. सोयरीक नाही."

"मग कॉफी कशाला ठेवलीत? चहा ठेवायचा."

डॉक्टरांनी कार्यक्रमपत्रिका काढली आणि पहिला विषय वाचला. कोणी ऐकलं नाही. सगळ्यांची नजर कपावर. अबू हैसम हात मांडीखाली दाबून बसले होते. मला त्यांची दया येत होती, कारण सकाळपासून या माणसाच्या पोटात कॉफीचा थेंब गेला नव्हता. कपाळावर घाम, एक पापणी फडफडत होती. आईशप्पथ, मी उपासाच्या महिन्यातही त्यांना असं पाहिलं नव्हतं.

दुसरा विषय झाला, तिसरा झाला. जेवण तयार असल्याचा निरोप आला. भाजलेल्या मटणाचा वास दाराखालून आत शिरला. कोणी उठेना. मागणं अधांतरी सोडून जेवायला बसणं म्हणजे तर आणखी वाईट.

"अबू हैसम," इराकचे गृहस्थ कळवळून म्हणाले, "तुमच्या टोमॅटोचं काय व्हायचं ते होवो, पण माझ्या पोटाचा निकाल लावा हो."

"डॉक्टरांना सांगा. कप माझा आहे, शब्द त्यांचा."

लेबनॉनवाले म्हणाले, "डॉक्टरसाहेब, द्या ना एकदाची पोरगी. मुलगा गुणी आहे."

खोलीत हशा पिकला. डॉक्टर मुन्सिफ हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि चष्म्याशिवाय ते अगदी आमच्या गावाकडच्या माणसांसारखे दिसले.

"ऐका," ते म्हणाले. "कॉफीच्या भिडेपोटी मी लोकांना औषध फवारलेलं खाऊ घालणार नाही. तुम्ही जन्मभर कप ठेवून बसलात तरी नाही. पण मागणी घातलीत, तर मुलीकडची रीत ऐका. मुलीकडचे आधी मुलाचं घर पाहून येतात. माझी केमिस्ट एक हंगाम तुमच्या प्रयोगशाळेत बसेल. तुमचा माणूस माझ्याकडे बसेल. दोघांचे आकडे जुळले, की एकच दाखला. पुन्हा नमुना नाही, ट्रक उतरवणं नाही. हे लिहून देतो, आत्ता सही करतो. कबूल असेल तर कॉफी घ्या."

मी डोळे मिटले. ज्या एका गोष्टीला घरून सक्त मनाई होती, नेमकी तीच. कॉफी घेतली तर नोकरी जाते, नाही घेतली तर अकरा वर्षं पाण्यात जातात आणि सत्तामचा ट्रक पुन्हा ओढ्याकाठी.

"डॉक्टर," अबू हैसमनी सुरुवात केली, "या बाबतीत अम्मानचं म्हणणं असं आहे, की..."

तेवढ्यात अबू शिहाब पुढे झाला. थंड कप त्यानं उचलला, दुसऱ्यात ताजी, वाफाळती कॉफी ओतली आणि त्यांच्यापुढे धरली. वेलदोड्याचा वास सुटला. "...म्हणणं असं आहे की प्रयोगशाळेच्या आत..." असं म्हणत म्हणत अबू हैसमनी कप घेतला आणि प्यायला.

अख्खा. एका दमात.

अबू शिहाब पुन्हा ओतायला वाकला आणि न ओतताच मागे सरला. अबू हैसम तिजोरीत हात सापडल्यासारखे सगळ्यांकडे पाहत होते.

"अरे देवा," ते म्हणाले. "सवय हो, सवय."

"मुबारक!" इराकचे गृहस्थ ओरडून उठले, आणि मग कोणी कोणाचं ऐकेना. लेबनॉनवाल्यांनी अबू हैसमच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. दाराशी नावं नोंदवायला बसलेल्या बाईनं जिभेच्या टोकानं असा काही लग्नातला हेल काढला की खालच्या मजल्यावरचे लोक नवरीला पाहायला वर आले. बिर्गित मॅडम टाळ्या वाजवत होत्या आणि मला विचारत होत्या की नक्की कोण जिंकलं. डॉक्टर मुन्सिफनी खिशातून पेन काढलं. पाच सह्या जेवणाआधी झाल्या, आणि मटण गार झालं होतं तरी कोणी तक्रार केली नाही. मला रडू येत होतं आणि रागही. जन्मभर नको तेव्हा कॉफी प्यायलेल्या माणसानं नोकरीही कॉफीपायीच घालवावी?

परतीच्या वाटेवर संचालकांचा फोन आला. अबू हैसमनी तो कानापासून वीतभर लांब धरला.

"मी काय बोललो होतो सकाळी?"

"साहेब, हात गेला. जन्माची खोड आहे, तुम्हाला ठाऊकच आहे."

"मग परत घ्या शब्द!"

"शब्द दिलाच नाही हो मी. नुसती कॉफी प्यायलो. ती आता बाहेर कशी काढू? चार देशांसमोर प्यायलो. आता फिरलो तर माझं काही नाही, पण लोक म्हणतील, या देशाचा माणूस कप रिकामा करून पळाला."

संचालकांनी फोन आपटला. करार मोडणं त्यांच्याही हाती राहिलं नव्हतं. अबू हैसमना मोडणं मात्र होतं. आठवड्याभरात त्यांना शहराबाहेरच्या बियाण्यांच्या गोदामाचे प्रमुख करण्यात आलं, जिथे पोती आणि मांजरं यांच्याखेरीज कोणी नव्हतं. सगळी कचेरी हळहळली आणि सगळी कचेरी हसली. "कॉफीनं घात केला बिचाऱ्याचा," असं ते प्रत्येकाला स्वतःच सांगत सुटले होते.

हंगाम सरला. पलीकडून आलेली केमिस्ट आमच्या प्रयोगशाळेत बसली, आमच्या लोकांशी भांडली, दोन चुका काढल्या, एक स्वतःची कबूल केली. आकडे जुळले. सत्तामचा ट्रक पहिल्यांदा नाक्यावर माल न उतरवता पलीकडे गेला, तेव्हा त्यानं तिथून भावाला फोन करून नुसता भोंगा ऐकवला.

ही बातमी घेऊन मी गोदामात गेले. अबू हैसम एका पोत्यावर बसले होते, मला त्यांनी खुर्ची दिली. थर्मास निघाला. त्यांनी मला ओतली, स्वतः घेतली. पहिला कप प्यायले, पुढे केला, मी ओतली. दुसरा प्यायले, पुढे केला. तिसरा प्यायले, आणि मग बोटांत धरून जरासा हलवला.

माझा कप हातातच राहिला. मला तो वाकलेला अबू शिहाब आठवला, किटली पुढे करून न ओतताच मागे सरणारा.

"अबू हैसम," मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही पहिल्याच कपाला हलवलात."

त्यांनी मांजराकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं, मग थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"ताई," ते म्हणाले, "तुमची कॉफी थंड होतेय."