वरचं खाचर, खालचं खाचर

भोरच्या एसटी स्टँडसमोर चहाला बसलं की आमच्यातला कुणीतरी हळूच म्हणतो, "सरांची म्हैस आठवते का रे?" झालं! चहा गार. एक किस्सा संपायच्या आत दुसरा तयार, आणि तिसरा सांगणारा खुर्ची पुढं ओढून बसलेला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटतं, ही मंडळी कुठल्यातरी मोठ्या क्लबची दिसतात. क्लब कसला डोंबलाचा! आमच्याकडं धड मैदानसुद्धा नव्हतं. सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

मी गोलकीपर. गाव उत्रोली, धंदा कोंबडीखाद्याचा. आणि सर म्हणजे दत्तासर. मुंबई-गोव्याच्या क्लबांकडून पगार घेऊन फुटबॉल खेळलेला आमच्या भागातला एकुलता एक माणूस. डिफेंडर होते. गुडघा गेला, खेळ संपला, आणि सर कोच व्हायचं ठरवून गावी परत आले. कुणाचे कोच, हे तेव्हा ठरायचं होतं.

*

गावात आल्या आल्या शेजारच्या पारूआत्यांनी सरांना गाठलं.

"दत्तू, एवढी वर्सं तिकडं काय करीत हुतास रं?"

"फुटबॉल, आत्या. समोरनं माणूस बॉल घेऊन आला की त्याला अडवायचं."

"निस्तं अडवायचं? आन् त्येचा पगार?"

"व्हय."

"मंग आमची म्हस अडव बाबा. रोज सांजच्याला तुमच्या तात्याच्या भातात शिरती, आन् बोलणी मी खाती."

सर पडले सरळ माणूस. संध्याकाळी पायवाटेवर गुडघे वाकवून, हात पसरून उभे राहिले. म्हैस आली. थांबली. डावीकडं मान टाकली, आणि सर डावीकडं झुकताच उजवीकडनं आरामात निघून गेली! सर चिखलात बसलेले.

आत्यांनी तोंडाला पदर लावला. "ह्येचा पगार देत हुते?"

सर उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "आत्या, हिला विकू नका. फॉरवर्डला खेळवू."

*

म्हैस काही टीममध्ये आली नाही, पण आम्ही आलो. कोण टेम्पो चालवणारा, कोण डेअरीत कामाला, कोण नुसताच रिकामा. फॉरवर्डला संत्या, हिर्डोशीचा. पोरगा असा पळायचा की बघत राहावं.

प्रश्न मैदानाचा होता. सरांचे थोरले भाऊ म्हणजे तात्या. त्यांची भाताची दोन खाचरं रस्त्याकडेला होती. भात निघालं होतं, नुसती धसकटं उभी. पण भात निघालं की जमिनीत ओल आहे तोवर हरभरा पेरायचा, ही तात्यांची आयुष्यभराची रीत. सर मागायला गेले, तेव्हा आम्ही सगळे मागं हात बांधून उभे.

तात्या म्हणाले, "दत्त्या, तुला मुंबईच्या शाळंतनं नोकरीचा फोन आलाय. तू जात न्हाईस. हितं ह्या टोळक्यात रमलायस. आता माझं ऐक. पुण्याला टुर्नामेंट हाय म्हणतोस न्हवं? तिथं एक मॅच जिंकून दावा. एकच! खाचरं दर साली तुमची. हरलात तर त्याच सांजंला म्या हरभरा पेरणार, आन् तू गपगुमान मुंबईची गाडी धरायची. कबूल?"

"कबूल," सर म्हणाले.

मागं उभे आम्ही मानेनं 'नको, नको' करत होतो. कारण सरांना आम्ही कसे खेळतो ते अजून माहीत नव्हतं, आम्हाला होतं! आणि सर जायला नको होते. आमच्यावर इतका वेळ घालवणारा माणूस तोवर आम्हाला कुणी भेटलाच नव्हता.

जाता जाता तात्या म्हणाले, "आन् मधल्या बांधाला कुदळ लावायची न्हाई. आज्यानं घातलाय."

तर असं आमचं मैदान! अर्धं वरच्या खाचरात, अर्धं खालच्या. बरोबर मध्ये, जिथं जगात सगळीकडं पांढरी रेष असते, तिथं आमच्याकडं गुडघ्याएवढा बांध. सरांनी डोकं चालवलं. बांध आला की पायाच्या पंजानं बॉल उचलायचा, पलीकडं टाकायचा आणि मागोमाग आपण उडी मारायची. "फॉरवर्ड", "बॅक" हे शब्दच गेले. सर ओरडायचे, "वरच्या खाचरात टाक! अरे वरच्या!"

*

तात्या काही कच्चे नव्हते. आमची प्रॅक्टिस सुरू झाली आणि चौथ्या का पाचव्या दिवशी येऊन बघतो तर दोन्ही खाचरांत शेणखताचे ढीग! ओळीनं, सारख्या अंतरावर. म्हणजे तात्यांचा निरोप, की आमची पेरणीची तयारी चालू आहे, तुम्ही काय ते समजा.

सरांचा चेहरा फुलला. "वा! प्रॅक्टिसला मांडतात ते कोन फुकट आले!"

मग काय, ढिगांमधनं नागमोडी बॉल न्यायची प्रॅक्टिस. जो चुकला तो थेट ढिगात. मी गोलकीपर, मला तर डाइव्ह मारायला लागायची. घरी बायकोनं अंगणातच थांबवलं. म्हणाली, "तिथंच आंघोळ करा, मग दार उघडते."

आठवडाभरात आमच्या पायांनी सगळं खत खाचरभर पसरलं. तात्या बांधावर बसून बघत होते. आम्हाला वाटलं, आता शिव्या बसणार. तात्यांनी तंबाखू मळली आणि ओरडले, "जोर लावून खेळा की रं! त्या कोपऱ्यात अजून पसरलं न्हाई!"

*

संत्याची अडचण वेगळीच. हिर्डोशीकडं जाणारी संध्याकाळची एसटी चुकली की घाटाच्या अंगानं चालत जायचं. त्यामुळं लांबून हॉर्न ऐकू आला की हा गडी बॉल, मॅच, सर, सगळं सोडून पिशवी उचलून पळायचा. एकदा गोलसमोर एकटा असताना पळाला! सर म्हणाले, "एवढ्या वर्षांत प्लेअर पाय मोडून बाहेर गेलेले पाहिले. एसटीनं गेलेला पहिला."

शेवटी सरांनी ड्रायव्हरला हात जोडले. ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, "सर, गाडी लेट करता येत न्हाई. पण इंजिन गरम झालं तर म्या तरी काय करणार?"

तेव्हापासून एसटीचं इंजिन बरोबर आमच्या मैदानाशेजारी गरम व्हायला लागलं. पॅसेंजर खाली उतरून बांधावर बसायचे. एकदा संत्याला पेनल्टी मिळाली आणि नेमकी कंडक्टरनं बेल मारली. आतनं एक म्हातारी खिडकीतनं कडाडली, "थांब की रं मुडद्या! तेवढा त्येला मारू दे!"

संत्यानं खांद्याला पिशवी अडकवून पेनल्टी मारली, गोल केला आणि तसाच गाडीत चढला. गोल झाल्यावर मिठी मारायला आम्ही त्याच्या मागं एसटीपर्यंत पळालो होतो.

*

पुण्याआधी एक मॅच वेल्ह्याच्या टीमबरोबर. मैदान त्यांचं, डोंगराच्या उतारावर. बॉल जरा जोरात बसला की थेट खाली ओढ्यात. आधी एक जण आणायला जायचा, मग दोघं, मग जो तो म्हणायला लागला की मी जातो, कारण खाली सावली होती आणि पाणी गार होतं. रेफरीनं शेवटची शिट्टी वाजवली तेव्हा दोन्ही टीम ओढ्यात पाय सोडून बसलेल्या!

घरी तात्यांनी विचारलं, "कोण जिंकलं?"

सर म्हणाले, "ओढा."

तात्या खूश झाले. घरात जाऊन बियाण्याची कणगी बघून आले.

*

आणि मग पुणे.

टेम्पोत आमच्याबरोबर तात्या. मांडीवर झाकण लावलेली बादली. मी विचारलं, "तात्या, डबा का?"

"हरभरा. रातीच भिजत घातलाय. घरचं बी हाय. सांजंला गेल्या गेल्या पेराय बरा."

भिजवलेला! म्हणजे आम्ही हरणार यात म्हाताऱ्याला कणभरसुद्धा शंका नव्हती. पुढं बसलेल्या सरांनी ऐकलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मला इतकं वाईट वाटलं की कात्रज येईपर्यंत मी त्या बादलीकडं पाठ करून बसलो.

मैदान बघून आम्ही आधी खाली वाकून गवताला हात लावला. हिरवंगार, सपाट, एक धसकट नाही. मॅच सुरू झाली. संत्याला बॉल मिळाला, तो सुसाट सुटला आणि मधली पांढरी रेष आल्याबरोबर त्यानं पंजानं बॉल उचलला आणि ही उंच उडी! सपाट मैदानावर! मागनं आमचा टेम्पोवाला आला, त्यानंही उडी. डेअरीवाला, त्यानंही. एकालाही उडी न मारता ती रेष ओलांडता येईना. पाय ऐकतच नव्हते!

समोरच्या टीमची हसून हसून वाट लागली. त्यांचा धिप्पाड डिफेंडर तर पोट धरून उभा. सर काठावरून ओरडतायत, "वरच्या खाचरात टाक!" आणि त्यांचा कोच आपल्या माणसाला विचारतोय, "ही कुठली फॉर्मेशन?"

हसत का होईना, ते चेंडू सारखे माझ्याकडं मारत होते. काही हातानं अडवले, काही छातीनं, एक तोंडानं. शेणात नाही पडायचं म्हटल्यावर डाइव्ह मारायला मला भलताच हुरूप आला होता. संपायला आलं तरी शून्य-शून्य. तात्यांनी बादलीचं झाकण काढून हरभरा बोटानं दाबून बघितला.

तेवढ्यात संत्याला बॉल मिळाला. तो धिप्पाड डिफेंडर मधल्या रेषेवर त्याच्या अंगावर आला आणि बॉल काढायला गवतावरून सपशेल घसरला. बरोबर रेषेवर! संत्याला काय, बांधच दिसला. पंजानं बॉल उचलला, पलीकडं टाकला आणि त्या आडव्या पडलेल्या माणसावरून उडी मारून पार झाला. पुढं नुसता गोलकीपर. गोल!

शिट्टी वाजली. आम्ही संत्याच्या अंगावर. सर मात्र पलीकडच्या टोकाला एकटेच खाली बसले होते, गुडघा धरून, डोळे पुसत.

तात्या अलीकडच्या काठाला उभे. त्यांनी मोबाईल काढून घरी लावला. "ऐकतीस का? पेरणी न्हाई आज. कांदा चिराय घे. समदी टीम येतीया, भिजल्या हरभऱ्याची उसळ टाकू. आन् दत्त्याची पिशवी भरली असंल तर सोड ती."

मोबाईल खिशात टाकला, बादली उचलली आणि मैदानातनं भावाकडं चालायला लागले. ताठ, कुणाकडं न बघता. आम्ही सगळे बघतोय.

मधल्या रेषेपाशी तात्या थांबले. एका हातात बादली, दुसऱ्या हातानं त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरला, आणि मारली उडी!