अंगी लागलेलं ऊन

पीक संशोधन केंद्रात त्यांना सगळे ‘वजनदार’ म्हणत. स्वतः अठ्ठेचाळीस किलोचे, वरच्या मंडळींत शब्दाला किंमत शून्य. पण सव्वीस वर्षं काम एकच, वजन करायचं. दर आठवड्याला वाफ्यातला एक ठरावीक चौकोन जमिनीलगत कापायचा, भट्टीत तीन दिवस खडखडीत वाळवायचा आणि काट्यावर ठेवून आकडा वहीत उतरवायचा. शेताच्या मधोमध खांबावर ऊन मोजायचं यंत्र होतं. वाळलेल्या पिकाचं वजन आणि पिकाने अडवलेलं ऊन, या दोहोंचा भागाकार केला की कळायचं, कोणत्या वाणाच्या अंगी किती ऊन लागलं.

उत्तर तसं लाजिरवाणंच असायचं. शंभर वाट्या ऊन वाढलं, तर गहू त्यातलं जेमतेम दीड-दोन वाट्या अंगी लावणार, बाकीचं पानात टाकून उठणार. जगभर हीच रड. घरी हे सांगितलं तेव्हा त्यांची बायको शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली होती, “तुमच्यापेक्षा गहू बरा म्हणायचा.”

आणि एका हंगामात केंद्राच्या मुख्य साहेबांचा नवा वाण उगवला. साहेब वाईट माणूस नव्हता. बारा वर्षं संकर करून करून त्यांचं डोकं पांढरं झालं होतं. बियाणं मूठभर, म्हणून दोनच वाफे पेरले, तेही कोठाराच्या भिंतीला लागून, कारण नळ तिथे जवळ होता. आकडे आले आणि साहेब खुर्चीतून उठले. बाकीच्या वाणांपेक्षा नवा वाण तेवढ्याच उन्हात पाचवा हिस्सा जास्त वाढला होता.

“पुन्हा वजन करा,” साहेब म्हणाले.

वजनदारांनी पुन्हा केलं. आकडा तोच.

मग काय, केंद्राचं नशीब फळफळलं. साहेबांची व्याख्यानं सुरू झाली. दुसऱ्या वर्षी पेरणीच्या वेळी वजनदारांनी भीत भीत विचारलं, “साहेब, यंदा वाफे शेताच्या मधे घ्यायचे का?” साहेब म्हणाले, “जिथे यश आलं ती जागा कशाला मोडायची?” विज्ञानातला हा नियम वजनदारांना नवीन होता, पण त्यांनी भिंतीलगतच वाफे आखले.

हंगाम अर्ध्यावर आला. एका दुपारी ते घरी जेवत होते आणि बायको खिडकीशी सुईत दोरा ओवत होती. एका झटक्यात ओवला.

“चष्मा कुठाय तुझा?”

“लागत नाही आता. समोरच्याने भिंतीला पांढरा रंग दिल्यापासून घरात उजेडच उजेड आहे. सूर्य इकडे, उजेड तिकडून.”

वजनदारांचा घास हातातच राहिला. कोठाराची भिंत आधी मातकट होती. पहिल्या पेरणीच्या थोडं आधी, कुठले तरी पाहुणे येणार म्हणून तिला पांढराशुभ्र चकचकीत रंग मारला होता. पाहुणे आलेच नाहीत, रंग राहिला.

ते तडक केंद्रावर गेले. उजेड मोजायचं छोटं हातयंत्र भिंतीकडे तोंड करून धरलं आणि काटा चांगलाच वर चढला. भिंत त्या दोन वाफ्यांना वरून जास्तीचा उजेड वाढत होती. मधल्या खांबाला याचा पत्ताच नव्हता. म्हणजे पंगतीत एकाच पोराला गुपचूप दुसऱ्यांदा वाढायचं आणि मग त्याच्या पचनशक्तीचं कौतुक करायचं.

साहेबांना सांगितलं, तर ते हसले. “भिंत कधी पीक वाढवते का हो?”

“मोजून बघू या का, साहेब?”

“तुम्ही वजन करा.”

आयुष्यात पहिल्यांदा वजनदारांनी वरिष्ठांचं ऐकलं नाही. बायकोकडे एका गिऱ्हाइकाने नाकारलेलं काळं अस्तर पडून होतं. तिने ते जोडून भलीमोठी चादर शिवली. “भिंतीला शिवलेलं पहिलंच झंपर,” म्हणाली. ती चादर एका वाफ्यामागच्या भिंतीवर लागली. दुसऱ्या वाफ्यामागची भिंत तशीच उघडी. साहेब व्याख्यानांतून शेतात उतरत नव्हते, त्यामुळे पाच आठवडे कुणी हटकलं नाही. काळ्या कापडापुढचा गहू हळूहळू इतरांच्या रांगेत येऊन बसला. उघड्या भिंतीपुढचा मात्र ताठच्या ताठ. काट्यावरचा आकडा बघून वजनदारांना आनंद व्हायला हवा होता, झालं उलटंच. साहेबांची बारा वर्षं आपण एका अस्तराने झाकली, असं वाटून त्यांना जेवण गेलं नाही.

सहाव्या आठवड्यात साहेब नवा वाण दाखवायला परदेशी पाहुण्या बाईंना घेऊन आले आणि कापड बघून थबकले.

“हे काय? कोण गेलं?”

वजनदारांनी वही पुढे केली. आकडे स्वच्छ अक्षरात होते. पाहुण्या बाईंनी दोन्ही पानं वाचली, दोन्ही वाफे पाहिले, भिंतीला हात लावून पाहिला. “सुंदर प्रयोग आहे,” त्या म्हणाल्या. “कुणाची कल्पना?”

साहेबांचा चेहरा उतरला होता. पण वीस वर्षांच्या खुर्चीने माणूस बरंच शिकतो. ते म्हणाले, “आमच्या केंद्राची.”

नव्या वाणाचं नाव पुढे कुणी काढलं नाही. त्याऐवजी साहेबांनी भिंतीवर निबंध लिहिला: आजूबाजूच्या उजेडामुळे प्रयोग कसे चुकतात. तो वाणापेक्षा जास्त गाजला. शेवटी आभाराच्या ओळीत ‘शेतावरील कर्मचारी’ असा उल्लेख होता. गावोगावी साहेबांना बोलावणी आली, एका सभेत एक शेतकरी उठून म्हणाला म्हणे, “साहेब, वाण राहू द्या, ती भिंत कुठे मिळेल ते सांगा.”

वजनदारांनाही एक पत्र आलं. कार्यालयाच्या भिंतीवर विनापरवाना कापड लावल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. ते दोन संध्याकाळी कागद घेऊन बसले. बायको म्हणाली, “सगळं लिहा. सुईपासून लिहा.”

त्यांनी बराच विचार केला आणि दोनच वाक्यं लिहिली. ‘कापड काढले आहे. भिंत अद्याप पांढरी आहे.’