रेघेच्या आत गेलेला पाहुणा

आमच्या घरात फुटबॉलचा विषय निघाला की माझी बायको मेघना आधी मोबाईल काढते. तिने आयुष्यात एकही सामना पूर्ण पाहिलेला नाही. पण परदेशातले प्रेक्षक एकमेकांवर खुर्च्या भिरकावताना, फटाके फेकताना, पोलिसांपुढे पळताना तिने भरपूर पाहिलेत. "ही दंगल आहे, मधूनमधून बॉल येतो एवढंच," हे तिचं ठाम मत. मी वर्षानुवर्षं सोफ्यावर बसून ते खोडून काढत आलोय. मैदानात जाऊन सामना मीही कधी पाहिला नव्हता, पण तो मुद्दा मी वादात येऊ देत नसे.

अशात नागेशचा फोन आला. नागेश माझा हॉस्टेलचा मित्र, आता गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या पुढे एका गावात मास्तर आहे. "अबे, धान कापून झाले. आमच्या इथी टूर्नामेंट हाय. येऊन राह्यला का?"

मी म्हटलं, "गेल्या वर्षी मारामारी झाली तेच ना तुझं गाव?" कारण तो व्हिडिओ मलाही आला होता. दहाएक सेकंदांचा. मैदानभर माणसं आणि मधोमध एक मिशीवाला गडी, डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची उचललेला.

"म्हणूनच ये ना. यंदा पहिल्यांदा पोरींचा सामना ठेवला हाय. पण पोरींच्या बापांनी अट घातली. आधी मोठ्यांची फायनल होईन, ती भांडणाबिगर पार पडली तरच पोरी उतरतीन. नाई त बंद."

गडचिरोली म्हटल्यावर आईने जे विचारायचं ते विचारलंच. मला त्याची काळजी नव्हती, मला प्रेक्षकांची होती. मी बॅगेत क्रेप बँडेज, दुखण्यावरचा स्प्रे आणि बाईकचं हेल्मेट भरलं. मेघना दारात उभी राहून हे बघत होती आणि एक शब्द बोलली नाही, म्हणजे किती बोलली ते संसारी माणसांना कळेल.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. पुण्याहून नागपूर रेल्वेने, तिथून चंद्रपूरला एसटी, तिकीट अडीचशेच्या आसपास. वरोऱ्याला गाडी थांबते, तिथे गरम आलुबोंडा खाऊन घ्या. कापसाचा हंगाम असल्याने रस्त्यात कापसाने फुगलेल्या गाड्यांच्या मागे रांग लागते, चिडू नका. चंद्रपुरात बसस्टँडजवळ हजाराच्या आत बऱ्यापैकी खोली मिळते. सकाळी तर्री-पोहे खाताना मात्र माझ्यासारखं "तर्री जरा जास्त टाका" म्हणू नका. पोहेवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, विचारलं, "पक्कं?" आणि टाकली. पुढचा अर्धा तास मी उचक्या देत जटपुरा गेटचं सौंदर्य पाहत होतो.

बसस्टँडकडे जाताना ऑटोवाल्याने विचारलं, "कुठी चालले सर?"

"धानोऱ्याकडे. फुटबॉल पाहायला."

त्याने आरशातून बघितलं. "मारामारीवाल्या गावाले का?" मग त्याने गावाचं नावही घेतलं. ते मी इथे देत नाही. नाव टाकून शोधलं की आधी मारामारीच समोर येते, त्यात माझी भर नको. भर कशी पडायची ती पडलीच आहे, पण ते पुढे.

चंद्रपूर ते गडचिरोली हा मूलवरून जाणारा रस्ता मस्त आहे. दोन्ही बाजूंना साग, मधूनमधून कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मग वैनगंगेचं भलंमोठं पात्र. खिडकीची जागा धरा. गडचिरोलीत बस बदलून धानोरा, आणि पुढे नागेशची बाईक. रोख पैसे जवळ ठेवा, पुढे मोबाईलला रेंज असेलच असं नाही. मी बॅगेतून हेल्मेट काढलं तेव्हा नागेश खूश झाला. "शहाणा झाला रे तू, हेल्मेट घेऊन आला!" खरं कारण मी सांगितलं नाही. अख्ख्या प्रवासात मला शहाणं म्हणणारा हा एकच माणूस भेटला, त्याला कशाला निराश करा?

गेल्या वर्षीच्या भांडणानंतर गावाने एक पद्धत पाडलीय. समोरच्या संघाच्या गावचे लोक आले की ते आपापले डबे उघडत नाहीत, इथल्या घरोघरी त्यांची पंगत बसते आणि मग सगळे मिळून मैदानावर जातात. ज्याच्या ताटातला भात खाल्ला, त्याच्यावर तासाभरात हात उचलणं जड जातं म्हणे. माझी पंगत कवडूभाऊंच्या घरी होती. ते दारात आले. मिशी. तीच मिशी!

"जय सेवा सर, या, बसा," म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली. लाल प्लास्टिकची. मी तिच्या कडेवर जेमतेम टेकलो.

भात, लाखोळीची डाळ, बारक्या मासोळ्यांचा झणझणीत रस्सा. अहाहा! दुसऱ्यांदा भात घेतल्यावर मला धीर आला आणि मी व्हिडिओचं विचारलं.

"खुर्च्या भाड्याच्या होत्या न सर," कवडूभाऊ म्हणाले. "पोट्टे मोडून राह्यले होते. म्हटलं एक तरी वाचवू, म्हणून उचलली डोक्यावर." मग माझ्या ताटात रस्सा वाढत म्हणाले, "मंग एक मारली बी. खोटं काऊन बोलू?"

त्यांची मुलगी करिश्मा हसली. ती मुलींच्या संघाची गोलकीपर. बापाच्या त्या खुर्चीमुळे वर्षभर या मुलींना कुठल्या गावाने खेळायला बोलावलं नव्हतं. "'खुर्चीवाल्याची पोरगी' म्हणते मले सारे," ती म्हणाली. मग तिने मला विचारलं, "सर, पेनल्टीच्या टाइमले गोलकीपरनं बॉलकडे पाहाव का पायाकडे?" मी सोफ्यावरच्या सगळ्या अनुभवानिशी म्हणालो, "दोन्हीकडे." तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नाही हे मलासुद्धा कळलं.

ग्रामसभेने दोन नियम केले होते. चुन्याच्या रेघेच्या आत जो प्रेक्षक जाईल, त्याच्या गावचा एक गोल कमी. आणि जो रेघ ओलांडेल, त्यानेच पुढच्या वर्षी ती राखायची. गेल्या वर्षी खुर्ची घेऊन आत गेले म्हणून यंदा रेघेवरची शिट्टी कवडूभाऊंच्या गळ्यात होती. मला हे दोन्ही नियम नागेशने सांगितले होते, कवडूभाऊंनी सांगितले होते, माईकवरून तर सारखेच सांगत होते. मी शेजारच्यांना ऑफसाईड समजावण्यात गुंग होतो.

यजमान गावाचा पिवळा रुमाल मी गळ्यात बांधला होता. सामना बराच वेळ गोलशून्य चालला. आणि शेवटच्या काही मिनिटांत आमच्या गावच्या (हो, एका जेवणात आमचं झालं होतं) एका पोराने लांबून असा काही फटका मारला की बॉल सरळ जाळ्यात! पुढचं मला नीट आठवत नाही. टीव्हीवर धावतात तसे दोन्ही हात पसरून मी धावलो. हेल्मेट, बँडेज, स्प्रे घेऊन दंगेखोरांपासून जीव वाचवायला आलेला मी, गोल करणाऱ्या पोराला मिठी मारून मैदानाच्या मध्यावर नाचत होतो.

मग लक्षात आलं, एकटाच नाचतोय. तो पोरगा माझ्याकडे असा बघत होता की बस्स. शिट्टी वाजली.

कवडूभाऊंनी आधी पलीकडच्या बाजूला पाहिलं. तिथे करिश्मा हातमोजे घालून तयार उभी होती. मग मोठ्याने म्हणाले, "आमचा गोल कटला."

आमच्याच बाजूने गलका उठला. चार-पाच पोरं बाह्या सरसावत उठली, कोणी कुंपणाचा बांबू उपसला. मी इतका घाबरलो होतो की आठवलं काय, तर हेल्मेट कवडूभाऊंच्या घरी खुंटीला आहे. पण त्याहून वाईट वाटलं ते पलीकडे बघून. मुली उठून उभ्या राहिल्या होत्या आणि एकीचा बाप तिची पिशवी उचलत होता. माझ्यामुळे, फक्त माझ्यामुळे!

कवडूभाऊ एका हाताने मला ओढत, दुसऱ्या हातात लाल खुर्ची घेऊन निघाले. ती त्यांनी रेघेबाहेर, समोरच्या गावच्या बायांच्या मधोमध ठेवली आणि मला तिच्यात दाबून बसवलं. मग पोरांकडे वळले. "पाहुणा माझा हाय. जेवला माझ्या घरी. काई म्हणाचं असन त मले म्हणा. मले मारा. पण रेघेच्या बाहेरून येऊन मारा, नाई त अजून एक गोल जाईन!"

 माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काऊन रे बाबू, तू आमच्याकडूनच खेळून राह्यला होता का?"

आधी त्या बाया हसल्या, मग त्यांचं गाव, आणि मग नाइलाजाने आमचं. बांबू परत कुंपणात गेला. शेवटी त्यांनीच एक गोल केला आणि कप नेला. ज्याचा गोल माझ्यामुळे कटला तो पोरगा माझ्याशी निघेपर्यंत बोलला नाही, आणि ते बरोबरच होतं.

मुलींचा सामना झाला. खुर्चीला घट्ट चिकटून मी तो अख्खा मोबाईलवर घेतला. करिश्माने शेवटी एक पेनल्टी अडवली. ती बॉलकडे पाहत होती की पायाकडे, मला सांगता येत नाही. कवडूभाऊ त्या वेळी मैदानाकडे पाठ करून उभे होते. रेघ राखणाऱ्याने प्रेक्षकांकडेच बघायचं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला तर्रीचं कारणही नव्हतं.

पुण्यात दार उघडलं तेच मेघनाने मोबाईल समोर धरून. आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्याआधी माझा व्हिडिओ पोचला होता. दहाएक सेकंदांचा. पिवळा रुमाल बांधलेला एक पोट सुटलेला इसम मैदानात घुसतो, मागे गलका, शिट्टी, संपलं. वर गावाचं नाव आणि 'पुन्हा राडा, प्रेक्षक बेकाबू'. आईने मला पोटावरून ओळखलं होतं.

मी लगेच मुलींचा सामना ग्रुपवर टाकला. पूर्ण सामना, कोण बघणार? कोणीही बघितला नाही. फक्त मेघनाने जेवणानंतर मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवला आणि शेवटपर्यंत बघितला. मधे एकदाच बोलली, "ही गोलकीपर कोण रे?"

दोन दिवसांनी कवडूभाऊंचा फोन आला. मी माफी मागायला सुरुवात केली, त्यांनी ऐकूनच घेतली नाही. "सर, आता गावाचं नाव टाकलं का पयले तुमचाच व्हिडिओ येते! माझा खाली गेला. पोरीले शाळेत कोणी खुर्चीवाल्याची म्हणत नाई आता."

मी विचारलं, "मग काय म्हणतात?"

"काई नाई. करिश्मा म्हणते."  मग आवाज एकदम सरकारी करून म्हणाले, "अन् ग्रामसभेत ठरलं. पुढच्या साली रेघेवर तुम्ही. शिट्टी माझ्याजवळ हाय, हेल्मेट बी इथीच रायलं तुमचं. तुम्ही फक्त या."