मम्मीचा दीर, लोहगडाचं ताक आणि तुंगार्लीचं दार

आमच्या वसईच्या घरात लोणावळ्यावर बंदी होती. कोणी शेजाऱ्यांनी प्रेमाने चिक्की आणून दिली तर मम्मी ती हसून घ्यायची आणि ते गल्लीच्या वळणावर पोचायच्या आत भांडीवाल्या बाईला देऊन टाकायची. पुण्याला आत्याकडे जाताना घाट चढला की ती डोळे मिटून जपमाळ काढायची. लोणावळा मागे पडल्यावर विचारायची, "गेलं का?" जसं काही गावच अंगावर येणार होतं.

कारण एकच. लोणावळ्याला जोसेफकाका राहतो. काका म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ. आजोबा लवकर गेले, तेव्हा पप्पांनी त्याला मुलासारखं वाढवलं. आणि पप्पा गेले तेव्हा हा भाऊ मातीला आला नाही. आला नाही, फोनही केला नाही. त्या दिवसापासून मम्मीने त्याचं नाव घेतलं नव्हतं. नाव घ्यायची वेळ आलीच तर "तो घाटावरचा" म्हणायची.

त्यामुळे यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात, भर जेवणाच्या ताटावर, मम्मी म्हणाली, "शनिवारी मला लोणावळ्याला ने," तेव्हा माझ्या नवऱ्याला ठसका लागला.

झालं होतं असं की मम्मी चर्चमध्ये पापनिवेदनाला, म्हणजे कन्फेशनला गेली होती. तिथे जे बोलणं झालं ते तिनेच सांगितलं, नाहीतर फादरांकडून ते कधीच बाहेर पडलं नसतं. दरवर्षी तिला दोन-चार प्रार्थनांचं प्रायश्चित्त मिळतं, ती बाकावर बसून ते तिथल्या तिथे उरकते आणि येताना मासळी घेऊन येते. यंदा आलेले नवीन फादर म्हणाले, "त्या दिरासाठी रोज प्रार्थना करा. तो आनंदात राहावा म्हणून."

मम्मीने घासाघीस केली. "फादर, त्यापेक्षा मी रोज रोझरीची पूर्ण जपमाळ म्हणते."

"रोझरी म्हणा की. पण त्याच्यासाठी म्हणा."

"अनवाणी डोंगरीवरच्या चर्चपर्यंत चढते."

"गुडघे दुखतात म्हणालात ना आत्ताच?"

मग तिने नाइलाजाने सुरुवात केली. पहिल्या आठवड्यातली प्रार्थना मी स्वतः ऐकली आहे: "देवा, जोसेफला सुबुद्धी दे, त्याची चूक त्याला दाखव, आणि नीट दाखव." ही प्रार्थना नसून तक्रार आहे हे तिला स्वतःलाच कळलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात ती नुसतं "देवा, जोसेफ" एवढंच म्हणून थांबायला लागली. आणि एक दिवस भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "त्याला मधुमेह होता गं. गोळ्या घेतो की नाही कोण जाणे." त्यानंतरचा तो शनिवार.

आता रस्त्याचं सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तेच हवं असतं. वसईहून शनिवारी निघायचं असेल तर उजाडायच्या आत निघा. घोडबंदर रस्ता एकदा जागा झाला की देवही काही करू शकत नाही. पुढे ठाणे, मग द्रुतगती मार्ग. खालापूरच्या आधी वडापाव खाल्ला. चटणी झणझणीत, दर विमानतळासारखा. मम्मी सगळ्या वाटेत भाषणाची तयारी करत होती. काका गाडी चुकली म्हणाला तर काय उत्तर द्यायचं, आजारी होतो म्हणाला तर काय, निरोपच मिळाला नाही म्हणाला तर काय. "निरोप मिळाला नाही म्हणाला तर मी सरळ उठेन," ती म्हणाली. "निरोप मी स्वतः दिलाय."

लोणावळा आलं. मी गाडी तुंगार्लीकडे, काका राहतो तिकडे, वळवणार तेवढ्यात मम्मी म्हणाली, "आधी जरा फिरू या ना."

"फिरू या? कुठे?"

"इथे एक लोहगड आहे म्हणतात."

गुडघ्यांवर दोन्ही बाजूंनी पट्टे बांधलेल्या बाईला किल्ला बघायचा होता! पण तिचा चेहरा बघून मी वाद घातला नाही. जुन्या हायवेने मळवली, तिथून भाजे आणि मग वर चढणारा अरुंद घाटरस्ता. समोरून गाडी आली की कोणीतरी मागे जायचं असतं, आणि ते नेहमी आपणच असतो. उन्हाळ्यात डोंगर अगदी वाळलेल्या गवताच्या रंगाचे होतात, पावसाळ्यातली ती हिरवी गर्दी नसते, आणि खरं सांगू का, मला ते तसेच आवडले. लोहगडवाडीत गाडी लावली. मम्मीने पायऱ्यांकडे पाहिलं, पायऱ्यांनी मम्मीकडे पाहिलं, आणि आम्ही समोरच्या टपरीत शिरलो.

पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, ताक. नुसत्या त्या ताकासाठी परत जाईन.

टपरीवाल्या मावशींनी विचारलं, "वर न्हाई का जायचं?"

"नाही हो, गुडघे," मम्मी म्हणाली.

"मग येवढ्या उनाचं आलात कशाला?"

एवढं पुरलं. घरात ज्या माणसाचं नाव निघत नव्हतं, त्याची अख्खी कहाणी मम्मीने भाकरी थापणाऱ्या एका अनोळखी बाईला सांगून टाकली. मावशी मान हलवत ऐकत होत्या. मग त्यांनी पलीकडच्या टपरीकडे हनुवटी केली. "त्यो बगा माझा दीर. भिताडाला भिताड लावून टपरी टाकलीया. लय वरसं झाली, आमी बोलत न्हाई. माझं गिऱ्हाईक वाटंतच अडवतोय. पण लिंबू संपलं की पोरीला धाडतो मागायला."

"आणि तुम्ही देता?"

"देती. न्हाईतर गिऱ्हाईक तहानलेलं जायाचं."

यावर माझी मम्मी पाठ ताठ करून, चर्चमध्ये वाचन करताना लावते तो आवाज लावून म्हणाली, "अहो मावशी, सोडून द्यावं. एकाच रक्ताची माणसं. राग धरून आपल्यालाच त्रास होतो. क्षमा करावी माणसाने."

माझं ताक नाकात गेलं.

मावशींनी तव्यावरची भाकरी शांतपणे उलटली. "व्हय, व्हय. तुमी आदी करून या. मग मला सांगा."

मम्मीने ताकाचा पेला खाली ठेवला. पदर सारखा केला, उठली आणि गाडीत जाऊन बसली. भाषणाची तयारी मात्र थांबली होती.

तुंगार्लीत काका एका मोठ्या बंगल्याची देखभाल करतो. मालक वर्षातून कधीतरी येतात, बाकी वेळ तो आणि मागच्या बाजूची त्याची खोली. आम्ही बेल वाजवली. दार उघडलं. काका बनियनवर होता. केस पूर्ण पांढरे. त्याने मम्मीला पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मी हादरले. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मग दाराआडून बारीक आवाज आला, "वहिनी, एक मिनिट. शर्ट घालतो."

शर्ट घातला, पण गुंड्या चुकल्या होत्या. एक टोक वर, एक खाली. खुर्च्या दोन, माणसं तीन, म्हणून तो उभाच राहिला, शाळेत फळ्यापाशी उभं केलेल्या मुलासारखा.

मम्मीने विचारलं, "का आला नाहीस?"

गाडी, आजारपण, निरोप, सगळ्याला तिच्याकडे उत्तर होतं. काका म्हणाला, "कारण काही नाही, वहिनी. दादाला पेटीत बघायची हिंमत झाली नाही. दारू प्यायलो आणि झोपून राहिलो. दुसऱ्या दिवशी लाज वाटली. वाटलं, उद्या फोन करतो. मग रोजच लाज वाढत गेली. चर्चमध्ये मिस्साला जायचंही सोडलं. तिथे गेलो की दादाच दिसायचा."

बाहेर कोणाच्या तरी बंगल्यात पोहण्याच्या तलावात पोरं ओरडत होती. मी माझ्या पायाच्या बोटांकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळेना.

"खांदा द्यायला चौथा माणूस नव्हता घरचा," मम्मी म्हणाली. "शेजारचा आला. शेजारचा, जोसेफ."

काकाने तोंड हातांनी झाकलं.

मग ती म्हणाली, "मला अजून राग आहे."

"असू दे, वहिनी."

"मध्ये बोलू नकोस. राग आहे. तो जाईल तेव्हा जाईल, ते माझ्या हातात नाही. पण मी तुला क्षमा केली. हे माझ्या हातात आहे, ते केलं."

काका खाली बसला आणि रडला. मम्मीही रडली. मी तर गाडीत ठेवलेले सगळे रुमाल आणायला म्हणून उठले आणि अंगणात जाऊन रडून आले.

परत आले तेव्हा आतून जोरात आवाज येत होते. धसकून धावले, तर मम्मी त्याचा गोळ्यांचा डबा हातात घेऊन उभी: "आणि हे केळीचे वेफर्स कोण खातं? कोण खातं हे?" क्षमा मिळाली की बोलणी थांबतात असा काकाचा समज असावा. त्याच्या चेहऱ्यावरून तो समज उतरताना मी पाहिला. संध्याकाळपर्यंत मम्मीने त्याचं स्वयंपाकघर धुऊन काढलं, पडदे उतरवले, आणि गुडघ्यांचे पट्टे कुठे ठेवले ते विसरली.

आम्ही जवळच एका घरगुती लॉजवर राहिलो. स्वच्छ, साधं; गरम पाणी बादलीने मिळतं आणि ते सकाळी लवकरच मागावं लागतं. रविवारी तिघं मिस्साला गेलो. सुरू व्हायच्या आधी काका पापनिवेदनाच्या रांगेत लागला. तो आत गेला आणि बाहेर येईना. मागच्या आजोबांनी दोनदा घड्याळ बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एवढं काय केलंय हो यांनी?" बाहेर आला तेव्हा काकाचे डोळे लाल होते आणि तो असा हसत होता, जणू काही तरी जिंकून आला असावा. मिस्सात सगळे एकमेकांना शांतीचा नमस्कार करतात, तेव्हा मम्मीने त्याला हात जोडले, मग न राहवून त्याची कॉलर नीट केली.

दुपारी तुंगार्ली तलावावर गेलो. पाणी खाली गेलेलं, पण वारा छान. येताना मम्मीने स्वतः दुकानात उभी राहून चिक्की निवडली, प्रत्येक प्रकार चाखून. दुकानदार शेवटी म्हणाला, "मावशी, जेवण झालं नाही वाटतं?"

घरी येऊन आता काही आठवडे झाले. राग गेला का? सगळा नाही. काका रोज नेमका मालिकेच्या वेळेला फोन करतो आणि मम्मी रोज चिडते. पण एक गोष्ट मला आत्ता उमगली. पप्पा गेल्यापासून मम्मी त्यांच्या आठवणी सांगायचीच नाही. मला वाटायचं, दुःख होत असेल. खरं कारण वेगळं होतं: पप्पांच्या प्रत्येक गोष्टीत कुठे ना कुठे जोसेफ होता. त्याला बाहेर ठेवायचं म्हणून तिने पप्पांनाही दाराबाहेर ठेवलं होतं.

परवा जेवताना माझ्या मुलीने सहज विचारलं आणि मम्मी सुरू झाली. लहानपणी चर्चच्या नाताळच्या नाटकात पप्पा झाले होते संत योसेफ, म्हणजे संत जोसेफ, आणि खरा जोसेफ झाला होता गाढव. ऐन बेथलेहेमच्या वाटेवर गाढवाने बैठक मारली आणि ओरडलं, "नाव माझं आहे, संत मीच होणार!" मग पप्पांनी... पण पुढे मम्मीला सांगताच येईना. हसून हसून ती टेबलावर डोकं टेकून बसली. मुलीने काकाला फोन लावला, शेवट विचारायला. त्याने "मग दादाने माझं शेपूट" एवढं म्हटलं आणि तिकडे तोही हसत सुटला.

शेवट आम्हाला अजून कळलेला नाही.